बहनजींचा एक आणि मधुकरचा नऊ

मरणाची बातमी आणणारं, कोपरा फाडलेलं कार्ड घरात न्यायचं नसतं, हे आमच्या तिगावात जसं पाळतात तसं बिहारातही पाळत असावेत. कारण माझ्या खोलीतला सोबती त्याच भागातला, त्यानं ते कार्ड आत आणलं नाही. बाहेरच्या नळाजवळ विटेखाली ठेवलं आणि मी ड्युटीवरून परतलो तेव्हा नुसतं बोटानं दाखवलं. सौंसरचं कार्ड होतं. मला शिकवणाऱ्या बहनजींच्या शेजारच्या सिंधूकाकूंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. कुसुम बहनजी शनिवारी सकाळी गेल्या, दम्यानं फार घेरलं होतं, तुम्हाला कळावं. मी नळाजवळच उभा राहिलो. दिल्लीत मला ओळखणारे होते, पण त्यांना ओळखणारं असं एकही माणूस नव्हतं, की ज्याला सांगावं... रडू आलं नाही. आली ती भीती. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांना रजिस्टर पत्र टाकलं होतं आणि त्याचं उत्तर आलं नव्हतं. पत्र मिळालं की नाही? मिळून वाचलं असेल, तर शेवटच्या दिवसांत त्या बाईचं समाधान मी हिरावून घेतलं की काय? पुढचे काही आठवडे मी हाच एक विचार घेऊन झाडू मारत होतो.

आमच्याकडे शाळा मराठी, पण राज्य मध्य प्रदेश, म्हणून शिकवणाऱ्या बाईला बाई म्हणत नाहीत, बहनजी म्हणतात. कुसुम बहनजी मूळच्या सौंसरच्या. नोकरी पांढुर्ण्याच्या शाळेत, तिथं त्या गणित आणि मराठी शिकवत. मी तिगावाहून रुळाच्या कडेकडेनं चालत त्यांच्या वर्गात जात असे. सहावीत शाळा सोडली. वडील रेल्वेत गँगमन होते, ते गेले, आणि पुढं मी संत्र्याच्या पेट्या ठोकायला लागलो. शाळा सोडलेलं पोर मास्तर-बहनजी दिसले की रस्ता बदलतं, तसा मीही पाच वर्षं बदलत राहिलो. एका बहारात त्या थेट पेट्यांच्या मांडवात येऊन उभ्या राहिल्या. मी तेव्हा अठराचा, मिशी फुटलेला, तोंडात चार खिळे धरलेला.

"काय करून राहिला रे, गजानन?"

"पेट्या ठोकून राहिलो, बहनजी."

"ते दिसून राहिलं मला. एका पेटीले खिळे किती?"

"बावीस."

"अन् चाळीस पेट्याले?"

मी खिळे तोंडातून न काढताच आठशे ऐंशी म्हटलं. "मग शाळा कोणी सोडली? तू का तुझ्या पायांनी?" असं म्हणून त्या निघून गेल्या. आठ दिवसांनी त्यांनी माझा आठवीचा प्रायव्हेट परीक्षेचा फॉर्म स्वतःच भरून आणला. दोन वर्षं दर रविवारी त्यांनी मला बसवलं. मांडवातली माणसं मला 'नवरदेव शाळेत चालले' म्हणून चिडवत. आठवी पास झालो. तोच कागद घेऊन मी दिल्लीला आलो, आधी बांधकामावर राहिलो, आणि त्याच कागदावर मला जुन्या लढाऊ विमानांच्या संग्रहालयात फर्राशाची, म्हणजे झाडलोट-पुसापुशीची नोकरी लागली. माझ्या ताटात आज जी पोळी आहे ती त्या कागदाची आहे. हे मी त्यांना तोंडानं कधी सांगू शकलो नाही. त्यांच्यापुढं मला नीट बोलताच येत नसे.

नोकरी लागल्याचं कळवलं तेव्हा शाबासकीच्या चार ओळी येतील असं वाटलं होतं. आली चार पानं. त्या पानांवरून मला पहिल्यांदा कळलं, की बहनजींना मधुकर नावाचा धाकटा भाऊ होता. मॅट्रिक होऊन तो वायुसेनेत मेकॅनिक म्हणून गेला. नॅट नावाचं लहानसं चपळ लढाऊ जेट असतं, त्यातलं एक त्याच्या हाती होतं. उडण्याआधी तपासायचं, उतरल्यावर पुसायचं. उडवणारा साहेब वेगळा, पण हा त्याला 'माझं विमान' म्हणायचा. चोविसाव्या वर्षी दूर छावणीतच कावीळ होऊन गेला. आईनं त्याच्या अस्थींबरोबर त्याची सगळी पत्रं कन्हान नदीत सोडली. मुलाबरोबर त्याचं बोलणंही जावं, असं तिला वाटलं असेल... एकच पत्र बचावलं, कारण ते बहनजींच्या हजेरीपत्रकात खूण म्हणून राहिलं होतं. त्यात मधुकरनं आपल्या विमानाचा आकडा लिहिला होता आणि पुढं लिहिलं होतं, की आईला विमानात बसायचं होतं ना, मी बसवलं. पोटाखालचं एक झाकण आहे, त्याच्या आतल्या बाजूला तुम्हा सगळ्यांची नावं कोरून ठेवली. साहेबाला माहीत नाही. आता आई रोज उडते.

बहनजींना ते झाकण हवं होतं. ते घरी आणायचं नव्हतं त्यांना. ते कुठं आहे, एवढंच कळायला हवं होतं. त्यांचे वडील पटवारी होते, आणि जमिनीचं नामांतरण त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. हे शेत अमक्याकडून तमक्याच्या नावावर, मग त्याच्या पोरांच्या नावावर. "शेत कुठं पळून जात नाही, तरी आपण त्याचा माग ठेवतो. हे तर उडणारं आहे, गजानन," असं त्यांनी लिहिलं होतं. इंग्रजीत अर्ज करून करून त्यांनी आठ-दहा वर्षांत एकेक दुवा मिळवला होता. पुष्कळ ठिकाणांहून 'माहिती देता येत नाही' एवढंच यायचं. पण मधूनच कोणी भला कारकून असायचा, तो दोन ओळी जास्तीच्या लिहायचा. ३०२१ नंबरचं विमान पथकातून निघून भांडारात गेलं. भांडारातून ते निकालात निघालं. निकालात निघालेली विमानं कुठं कुठं जातात, याचा त्यांनी मला धडाच लिहून पाठवला होता. काही संग्रहालयात, काही चौकात चौथऱ्यावर, काही कॉलेजात पोरांना शिकवायला, उरलेली भंगारात. "तुझ्याकडं ३०२१ आहे का, पाहून कळव."

मी प्रत्येक विमानाची शेपटी पाहिली. आमच्याकडं नॅट होतं, पण त्याचा आकडा ३०२१ नव्हता. मी तसं कळवलं. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं, ही माझी जन्माची सवय. पुढं वर्षभरानं त्यांना कुठूनसा दुवा मिळाला, की ३०२१ उत्तरेतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजला दिलं होतं. सोमवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी बस धरून तिथं गेलो. चौथरा होता, चार बोल्ट होते, विमान नव्हतं. तिथल्या चपराशानं भंगारवाल्याचा पत्ता दिला. पुढच्या सोमवारी त्याच्याकडं. तो विड्या वळल्यासारखा तारा गुंडाळत बसला होता. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "वो तो कब का गल गया, भाई। पतीले बन गए होंगे।" मी जसंच्या तसं लिहून बहनजींना पाठवलं. पाठवल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही... जरा सावरून लिहायला हवं होतं. पण त्यांच्याशी खोटं लिहायची माझी हिंमत नव्हती.

त्यानंतरच्या दिवाळीत मी घरी गेलो. तोवर त्या रिटायर होऊन सौंसरला दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत होत्या. मला बसायला पाट दिला आणि चहा ठेवला. चहाचा गंज नवाकोरा, जर्मनचा. आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि पातेल्याला गंज. बहनजींच्या घरात मी आजवर पितळेशिवाय भांडं पाहिलं नव्हतं.

"पाहून काय राहिला? बाजारातून घेतला," त्या म्हणाल्या. "तूच लिहिलं ना, पतीले झाले म्हणून. कोणत्या गावी गेले, कोणाच्या घरी गेले, त्याचं नामांतरण कोण ठेवते? मग म्हटलं, आपणही एक घ्यावा. काय माहीत, असंल याच्यातच कुठं मधू."

हे त्या हसत म्हणाल्या. जामसावळीला जाऊन हनुमानापुढं नारळ फोडून आल्या होत्या, शोध संपला म्हणून. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं पाहिलं नव्हतं. चहा पिताना त्यांनी ते पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तू इतका हिंडला त्याच्यासाठी. तुला वाचायचा हक्क आहे."

आणि मी तो आकडा पाहिला.

आमच्या मराठीतला एक आणि इंग्रजीतला नऊ हातानं लिहिले की सख्खे भाऊ दिसतात. दोघांनाही वर गोल डोकं, खाली शेपूट. तीन, शून्य आणि दोन तर दोन्हीकडं जवळपास एकच. मधुकरनं पत्र मराठीत लिहिलं होतं, म्हणून बहनजींनी आकडेही मराठी धरले. पण वायुसेनेत दिवसभर इंग्रजी आकड्यांशी काम करणारा माणूस घरच्या पत्रातही तेच काढणार, हे मला कळलं, कारण मीही आता तसंच करत होतो. वर तारीख होती. तारखेतला पाच चक्क इंग्रजी 5 होता. तारीख कोण वाचतं? ३०२१ नव्हतंच ते. 3029 होतं. आणि 3029 मी रोज पुसत होतो. गेली चार वर्षं, सोमवार सोडून रोज, ओल्या फडक्यानं.

पत्र घडी करून परत दिलं, चहा छान झाला म्हटलं. गणिताच्या बहनजींना मी, सहावीत शाळा सोडलेल्यानं, एक आणि नऊ शिकवायचा? आणि शिकवलं असतं, तरी चुलीवरच्या त्या गंजाचं काय? तो आता नुसता गंज झाला असता. त्या मला पांढुर्ण्याच्या बसपर्यंत सोडायला आल्या. खिडकीतून मी दोनदा तोंड उघडलं. "काय रे? पोटात दुखून राहिलं का?" त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं आणि बस सुटली. तेच आमचं शेवटचं बोलणं.

दिल्लीला येऊन मी ठरवलं, आधी झाकण पाहायचं. आत काहीच नसलं, तर गप्प बसायचं. पण फर्राशानं विमानाला फडकं लावायचं, पाना नाही. आमच्या सुपरवायझर साहेबांना विचारायला मला दीड महिना लागला. ते हसलेच. "क्यों भई, अंदर ख़ज़ाना गाड़ा है क्या?" मी काय सांगितलं ते आता आठवत नाही, बहुतेक सगळंच सांगितलं असावं, कारण त्यांचं हसणं मध्येच थांबलं. थंडीत विमानांना रंग द्यायचा होता. त्यासाठी एक रिटायर झालेला म्हातारा फिटर येत असे. साहेबांनी त्याला सांगितलं, त्यानं पोटाखालचे स्क्रू काढले आणि झाकण उलटं करून माझ्या हातात दिलं. बाहेरून विमानाला किती रंग दिले असतील, आत कोणी हात लावला नव्हता. हिरवट रंगावर टोच्यानं कोरलेली अक्षरं होती. फिटरला मराठी येत नव्हतं. "क्या लिक्खा है?" त्यानं विचारलं.

पांढुर्णा-सौंसर बसमध्ये जागा धरावी तसं लिहिलं होतं.

आई – खिडकीपाशी. आक्का – मधात. मी – लटकून.

मी वाचून दाखवलं, मग हिंदीत सांगितलं, की आई खिडकीजवळ, आक्का म्हणजे बहनजी मध्ये, आणि हा स्वतः दाराला लटकून. म्हातारा हसला आणि मग त्यानं झाकणावर हात फिरवला. "अच्छा फिटर होगा," म्हणाला, "खरोंच में भी लाइन सीधी है।" मी अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिल घासली. तीन ओळी पांढऱ्या उमटल्या. झाकण परत बसलं, स्क्रू लागले. मी फडकं घेऊन उभा होतो. हॉल रिकामा होता. मला वाटलं, आत्ता कोणीतरी सौंसरचं माणूस असायला पाहिजे होतं... कोणीही. नुसतं 'मधात' म्हटलं तर ज्याला हसू येईल असं.

तरीही पत्र लिहायला मला आणखी महिना लागला. गंज माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. शेवटी लिहिलं, घासलेला कागद सोबत ठेवला, आणि रजिस्टर केलं, नाही तर मी ते पेटीतून काढून घेण्यासाठी पोस्टमनपुढं उभा राहिलो असतो. जाऊन समोर बसून सांगावं असंही मनात आलं होतं. पण रजा मागायला मी घाबरलो. साहेबांनी आधीच एवढं केलं, आता आणखी काय मागायचं, असं वाटलं. नाही मागितली. त्यानंतरचे तीन आठवडे पोस्टमन रोज दुसऱ्यांच्याच नावानं हाका मारत गेला, आणि मग ते कार्ड आलं.

परवा सिंधूकाकूंचं पाकीट आलं. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या, बोलतात तशाच लिहितात. त्यांचं लिहिणं मी इथं तसंच उतरवतो. 'गजाननभाऊ, तुमचं पत्र आलं तवा बहनजी झोपून होत्या. मी म्हटलं दिल्लीचं रजिस्टर आहे, तर उठून बसल्या. स्वताच वाचलं. मंग त्या पेन्सिलीच्या कागदावर बोट फिरवून राहिल्या, फिरवूनच राहिल्या. मी भेली. म्हटलं काय झालं वं बहनजी? तर हसाले लागल्या. म्हणे, सिंधू, मधात बसवलं मले त्यानं, खिडकी नाही देल्ली. लहानपणापासून खिडकी मलेच पाहिजे असे, त्याले माहीत होतं, मुद्दाम केलं मेल्यानं. मंग चहा मांगतला. मी इचारलं, आता कोणत्या गंजात ठेवू? त्या म्हणे, जर्मनच्याच. त्याचा काय कसूर? संध्याकाळी पेन मांगून काहीतरी लिहित बसल्या. थकल्या की ठेवत, अन् पुन्हा घेत. तुम्हाले उत्तर लिहून राहिल्या असं मले वाटलं. पण उशाखाली तुमचंच पत्र निघालं. तुमचं तुम्हाले पाठवून राहिली.'

पाकिटात माझीच दोन पानं होती. घासलेला कागद नव्हता. काकूंनी शेवटी लिहिलं होतं, की तो त्यांनी बहनजींच्या हातात ठेवला होता आणि तसाच जाऊ दिला.

माझी दोन्ही पानं तपासलेली होती. लाल शाईनं. 'कोरलेलि' ची वेलांटी दीर्घ केलेली, 'विमानाचि' तलीही. 'हार्दीक' ची ऱ्हस्व केलेली. एके ठिकाणी दोन वाक्यं मी एकातच कोंबली होती, तिथं पूर्णविराम. अक्षर कापरं, पण खुणा जागच्या जागी. आकड्याशी मी लिहिलं होतं, की हा एक नसून नऊ असावा असं वाटते. त्यातलं 'असावा असं वाटते' खोडून त्यांनी 'आहे' केलं होतं.

दुसऱ्या पानाचा अर्धा भाग माझ्या माफीचा होता. बहनजी, तुमची चूक काढायची माझी लायकी नाही. मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. मी विमान रोज पुसत होतो आणि मला कळलं नाही. दिवाळीत कळलं तर बोललो नाही. तुमच्या उपकारांची मी अशी फेड केली. मला क्षमा करा... असं बरंच. त्या सगळ्यावर वरपासून खालपर्यंत एकच लाल तिरपी रेघ होती, आणि समासात एक शब्द. अनावश्यक.

त्याखाली काही नाही. सही नाही, आशीर्वाद नाही. पेन बहुतेक तिथंच ठेवला असावा.

हा लेख मी तीनदा लिहून काढला. माझ्यासारख्यानं वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहावं का, वाचकांनी सांभाळून घ्यावं, कमी शिकलो आहे, असं सुरुवातीला दहा-बारा ओळी लिहिलं होतं. खोलीत लाल पेन नव्हता. बाजारात जाऊन आणला, आणि त्या ओळींवर तिरपी रेघ मारली.